आमचे आण्णा, सत्तावीस डायऱ्या आणि पेन्सिलीचा त्रिकोण

सिडकोची_लेक
नमस्कार मंडळी. इथे वाचते बरीच वर्षं, लिहितेय पहिल्यांदाच, चूकभूल द्यावी घ्यावी.

पुढच्या महिन्यात आण्णांचं वर्षश्राद्ध. भावाचं म्हणणं, पानं वाढण्याआधी कोणीतरी दहा मिनिटं त्यांच्याबद्दल बोलावं, आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय कारण मी शाळेत शिकवते म्हणजे मला बोलता येतं असा घरात समज आहे. गेल्या वर्षी दहाव्याला रामकुंडावर आणि नंतर घरी जो आला तो एकच म्हणून गेला, "फार कष्टाळू माणूस हो." मीही मान हलवायचे. आता लिहायला बसले तर कष्टाळू म्हणजे त्यांनी दिवसभर नक्की काय केलं हेच मला माहीत नाही. बत्तीस वर्षं एकाच कंपनीत, त्यातली सत्तावीस प्रेसला सुपरवायझर. मला काय सांगता येतं, तर सकाळी सहाला सायकल काढायचे, मग लुना आली, मग स्कूटर. डबा दोन खणांचा. सुट्टी शनिवारी, आमची रविवारी, त्यामुळे आख्खा दिवस घरात सगळे एकत्र असं फक्त दिवाळीत. घरी आले की बोलायचे नाहीत. झालं, संपलं भाषण.

तर मुद्दा असा की कपाट आवरताना २७ डायऱ्या सापडल्या. खिशात मावतील अशा, सप्लायर लोक दिवाळीला वाटतात तशा. वाटलं घरचा हिशोब असेल. पण आत सगळं असलं: "से. ३ गै. १ उ. ४ नं. म.बं. २ ता. रि. १४. गे.पा. १." आणि बाजूला त्या दिवशीच्या माणसांची नावं, दहा-बारा, आडनावंच फक्त. काही नावांपुढे पेन्सिलीने छोटा त्रिकोण काढलाय, असा △. बाकी सगळं निळ्या बॉलपेनने, त्रिकोण तेवढा पेन्सिलीने.

आईला विचारलं, ती म्हणाली मला काय माहीत, तुझे वडील मला भाजीत मीठ कमी आहे हे सुद्धा दोन दिवसांनी सांगायचे.

कोणाला ही भाषा कळते का? आणि तुमच्या वडलांच्या कामाचं तुम्हाला काय माहीत होतं?

शेव_जास्त
ताई प्रेसला म्हणजे नाशिकरोडला ना? मग त्रिकोण म्हणजे ज्यांना नोटांचे बंडल घरी न्यायची परवानगी होती ते :)

सिडकोची_लेक
नाही हो, नोटांची प्रेस नाही, पत्र्याची. पॉवर प्रेस. एमआयडीसीत. लहानपणी शाळेतही हाच घोळ व्हायचा. बाबा काय करतात, प्रेसला आहेत, की बाई एकदम "अरे वा". मग मी खुलासा केला की "बरं बरं, बस खाली."

गोदाकाठ
आमचे वडील खऱ्याखुऱ्या प्रेसला होते, नोटांच्या, १९२८ सालापासून आहे ती. तुमच्या बाईंचा "अरे वा" आम्ही आयुष्यभर ऐकला आणि सांगतो, त्यात काही दम नव्हता. आत जाताना झडती, बाहेर पडताना झडती, खिशात स्वतःच्या पैशाचं नाणं असलं तरी आधी गेटवर जमा करायचं. आत काय चालतं याबद्दल घरी चकार शब्द नाही. वडील गेले तेव्हा आमच्याकडे डायरी सुद्धा नव्हती. तुमच्याकडे २७ आहेत, नशीबवान आहात.

टूलरूमकाका
मी ४१ वर्षं टूलरूमला, म्हणजे प्रेसच्या डाय (साचे) बनवतात तिथे, काढली, सातपूरला आधी आणि मग अंबडला. बाळ, तुझ्या वडलांची भाषा मला मराठीपेक्षा सोपी आहे.

से. म्हणजे सेकंड शिफ्ट. गै. गैरहजर. उ. उशिरा आलेले. ४ नं. म.बं. २ ता. म्हणजे चार नंबर मशीन दोन तास बंद. रि. १४ म्हणजे चौदा नग रिजेक्ट. गे.पा. गेटपास, म्हणजे एक माणूस मधेच घरी सोडला. पुढे कुठे सी.ऑ. दिसलं तर कॉम्पेन्सेटरी ऑफ, बदली सुट्टी. डा.से. म्हणजे डाय सेटिंग, मशीनला डाय बसवणं. लो.शे. आता कोणाला आठवत नसेल पण लोडशेडिंगने आमचे केस पांढरे केलेत.

ही डायरी कंपनीला दाखवायची नसते. कंपनीचं रजिस्टर वेगळं. ही स्वतःसाठी. चार महिन्यांनी साहेब विचारणार "अमुक तारखेला प्रॉडक्शन का पडलं?" तेव्हा खिशातून हे निघतं. सुपरवायझरची ढाल असते ती.

त्रिकोणाचं मात्र कळत नाही. जुन्या ड्रॉइंगमध्ये फिनिशसाठी त्रिकोण असायचे, एक म्हणजे रफ, दोन म्हणजे बरं, तीन म्हणजे ग्राइंडिंग. पण ते उलटे, टोक खाली. आणि माणसाला फिनिश कसा देणार.

शेव_जास्त
काका, लाल त्रिकोण आणि टोक खाली म्हणजे कुटुंब नियोजन! कोणाची केस झाली याची नोंद ठेवली असेल, तेव्हा टार्गेट असायचं ना.

टूलरूमकाका
टोक वर आहे म्हणतेय ती. म्हणजे कार्यक्रम फसला :)

नाईट_शिफ्ट
धागा वाचून झोप उडाली. माझं नाव इथे उगाच असं नाहीये. वडील सुपरवायझर नव्हते, मेंटेनन्सला होते, पण थर्ड शिफ्ट महिन्यातून दहा दिवस तरी असायचीच आणि ते दहा दिवस म्हणजे आमच्या घरात कर्फ्यू, सकाळी साडेसातला यायचे, आंघोळ करून पोहे खाऊन झोपायचे आणि मग दुपारी तीनपर्यंत दोन खोल्यांचं घर कसं शांत ठेवायचं हे आईला विचारा, रेडिओ बंद, कडी वाजवायची नाही, आणि आई कुकर लावायची नाही बरं का, शिट्टी होते म्हणून डाळ पातेल्यात दोन तास शिजायची, बाहेर रस्त्यावर क्रिकेट चालायचं तर मी आउट झालो तरी भांडायचो नाही कारण भांडलं की आवाज. बोहारीण आली की आई धावत जाऊन तिला गल्लीच्या तोंडाशीच थांबवायची. मला वडील आठवतात ते पाठमोरे, भिंतीकडे तोंड करून झोपलेले, डोळ्यांवर आईचा जुना ओढणीचा तुकडा. चेहरा आठवायला फोटो काढावा लागतो पण पाठ डोळे मिटून सांगतो, डाव्या खांद्यावर भाजल्याचा डाग, साधारण चिंचोक्याएवढा. कशाने भाजलं ते कधी विचारलंच नाही आणि आता विचारणार कोणाला.

माहेर_सातपूर
नाईट_शिफ्ट, अगदी अगदी. पातेल्यातली डाळ आमच्याकडेही. मला तर अजून कुकरची शिट्टी झाली की आधी अपराधी वाटतं.

आणि वास! आमच्या बाबांच्या कपड्यांना कटिंग ऑइलचा वास यायचा. आई ते कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. हात धुवायला साबण पुरायचा नाही, निरम्यात थोडा लाकडाचा भुसा घालून चोळायचे. तरी नखांच्या कडेला काळी रेघ राहायचीच. माझ्या लग्नात मेंदीवाली म्हणाली, काका तुम्हालाही काढू का, तर म्हणाले, "माझी परमनंट आहे."

भद्रकालीवाला
सगळे रडताय म्हणून थोडं खारट बोलतो. राग मानू नका ताई, तुमच्या वडलांबद्दल नाही, सुपरवायझर या जातीबद्दल बोलतोय.

माझे वडील प्रेसला ऑपरेटर होते, कंपनीचं नाव घेत नाही. आमच्या घरात "सुपरवायझर" ही शिवी होती. बहिणीला ताप चढला, शेजाऱ्याने कंपनीच्या गेटवर निरोप दिला, गेटपास मिळाला नाही. शिफ्ट संपल्यावर आले, तोपर्यंत आईने एकटीने रिक्षात घालून तिला सिव्हिलला नेलं होतं. बहीण वाचली, ठणठणीत आहे, दोन पोरं आहेत तिला. पण वडलांनी त्या सुपरवायझरला कधी माफ केलं नाही. दर चार-आठ दिवसांनी त्यांना मशीनवरून उठवून पॅकिंगला बसवायचा. पॅकिंगला इन्सेन्टिव्ह नाही. पगाराच्या पाकिटात फरक दिसायचा आणि घरात त्या दिवशी भांडण. वडील म्हणायचे, "मला पुठ्ठ्याची खोकी चिकटवायला बसवतो हरामखोर."

"कष्टाळू" सगळेच असतात हो. कोणाच्या जिवावर ते पण बघा.

सिडकोची_लेक
राग नाही मानला. उलट हे वाचल्यावर मी परत डायऱ्या काढल्या. गे.पा. पुढे कधी फुली आहे. म्हणजे मागितला आणि दिला नाही असंच असणार ना? एका वर्षात मी मोजल्या, नऊ फुल्या. कारण लिहिलेलं नाही कुठेच. कोणाचा ताप होता, कोणाचं काय होतं, काही नाही. नुसती फुली.

टूलरूमकाका
भद्रकालीवाला, तुझं बरोबर आहे आणि अर्धं आहे. गेटपासवर सही सुपरवायझरची असते पण गेटवरून माणूस बाहेर पडला की लाईनला एक कमी, आणि लाईन पडली की साहेब विचारतो सुपरवायझरला. काही लोक खरंच दुष्ट होते, मी पाहिलेत, गेटपास म्हणजे स्वतःच्या बापाची इस्टेट असल्यासारखे वागायचे. काही जण नाइलाजाने नाही म्हणायचे. बाहेरून दोघे सारखेच दिसतात.

आणि सुपरवायझरची गंमत ऐक. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा होता, २०२५ पर्यंत, त्यात "कामगार" कोण याची व्याख्या होती. देखरेखीचं काम करणारा माणूस ठरावीक पगाराच्या वर गेला की तो कामगारच नाही. आमच्या काळात ती मर्यादा सोळाशे रुपये होती, २०१० मध्ये दहा हजार केली. म्हणजे बढती मिळाली, पगार वाढला, की युनियन म्हणणार तू आमचा नाहीस. आणि मॅनेजमेंटच्या पार्टीला बोलावणं येत नाही, तिथे ऑफिसर्सच. बोनसच्या वाटाघाटीच्या दिवसांत तर सुपरवायझर कॅन्टीनला एकटा जेवायचा. मला दोनदा सुपरवायझर करत होते. दोन्ही वेळा हात जोडले. डाय दगा देते पण टोमणा मारत नाही.

निफाडकर
नोकरदारांचं ऐकून हसू येतं कधी कधी. आमचे वडील द्राक्षवाले. त्यांची शिफ्ट कधी संपलीच नाही. फेब्रुवारीत ढग आले की रात्रभर जागे. तुमच्याकडे भोंगा तरी वाजायचा.

नाईट_शिफ्ट
निफाडकर, स्पर्धा नाहीये भो. पण मान्य.

शेव_जास्त
कॅन्टीनचा विषय निघाला म्हणून, एमआयडीसीतल्या कॅन्टीनची मिसळ कोणाला आठवते का? आताच्या गार्डन मिसळीत पापड, दही, जिलबी, झोपाळा, ससे, सगळं असतं, मिसळ सोडून.

माहेर_सातपूर
ससे :D :D खरंय. रस्सा काळ्या मसाल्याचा पाहिजे आणि तर्री मागितली की कपाळावर आठी न घालता मिळाली पाहिजे.

गोदाकाठ
चुलीवरची म्हणून जी विकतात ती मागे गॅसवर असते, मी स्वतः पाहिलंय, मी तर

दुतोंड्या
मंडळी, मिसळीचे चार धागे आधीच आहेत, तिकडे भांडा. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीसारखा मी पूर आल्याशिवाय बोलत नाही पण आता पाणी गळ्यापर्यंत आलंय. ताईंचा प्रश्न त्रिकोणाचा आहे.

फॉर्म_भरा
मी विषयाला धरून आणि धरून नाही असं लिहितो. ताई, आईंचं पेन्शन सुरू झालं का? ईपीएस-९५ मध्ये, म्हणजे पीएफवाल्या पेन्शन योजनेत, नवरा गेल्यावर बायकोला साधारण निम्मं मिळतं, किमान हजार रुपये, २०१४ पासून. त्यासाठी १०-डी फॉर्म, मृत्यू दाखला, बँकेचं पासबुक, आधार. आणि दरवर्षी हयातीचा दाखला, तो आता वर्षात कधीही देता येतो, दिल्यापासून वर्षभर चालतो. नोव्हेंबरातच रांगेत उभं राहायला पाहिजे असं नाही. बरेच जण आठवणी काढत बसतात आणि फॉर्म राहून जातो.

सिडकोची_लेक
फॉर्म_भरा, सुरू झालं, धन्यवाद. भावाने केलं सगळं. आण्णांना दोन हजार आणि वर काहीतरी मिळायचे. बत्तीस वर्षांचे. महिन्याच्या सुरुवातीला बँकेत जाऊन पासबुकावर एन्ट्री मारून आणायचे, स्वतः चालत, पवननगरपासून. मशीन बंद असलं तर दुसऱ्या दिवशी परत. आम्ही म्हणायचो मोबाईलवर मेसेज येतो की. तर म्हणायचे, "मेसेजवर शिक्का नसतो."

आता त्रिकोणाचं. मी रात्री बसून तीन वर्षांचे काढले. ठरावीक माणूस असा नाहीये, नावं बदलतात. पण तारखा बघा. पगार झाल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी एकदम पाच. लग्नसराईत जास्त. आणि ज्यांच्यापुढे "डबल" लिहिलंय, म्हणजे दोन शिफ्ट लागोपाठ बहुतेक, त्यांच्यापुढे हमखास.

शेव_जास्त
रंगपंचमीला पाच. रहाडीत, रंगाच्या हौदात, उडी मारून थेट ड्युटीवर :)

थ्री_फेज
ताई मी अंबडला नऊ वर्षं प्रेसवर होतो, आता माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. तुमच्या तारखा वाचल्या आणि हातातला चहा खाली ठेवला. सांगतो.

प्रेस म्हणजे काय ते आधी सांगतो कारण बाहेरच्यांना कळत नाही. वर पंच, खाली डाय, मधे पत्रा. बाजूला फ्लायव्हील, म्हणजे मोठं जड चाक, सतत फिरत असतं, पायाने पायडल मारलं की क्लच धरतो आणि पंच खाली येतो, धाड. पत्रा ठेव, पायडल, धाड, नग काढ, पत्रा ठेव. आठ तास. हात डायमध्ये घालायचा नसतो, चिमटा असतो, गार्ड असतं, चांगल्या मशीनला दोन हातांची दोन बटणं असतात की दोन्ही दाबल्याशिवाय चालूच होणार नाही. पण गार्ड लावलं की नग कमी निघतात. नग कमी तर इन्सेन्टिव्ह कमी. म्हणून आम्हीच गार्ड सोडून ठेवायचो, एका बटणात काडी खुपसायचो. कायद्यात गार्ड आहे, १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्येच होतं, आणि भिंतीवर पाटी पण होती. आणि क्लच झिजला असेल तर कधी कधी एका पायडलला मशीन दोनदा येतं. पहिल्यांदा आलं, वर गेलं, तुम्ही नग काढायला हात घातला, आणि परत आलं. त्याला आम्ही डबल स्ट्रोक म्हणायचो. जुन्या प्रेसवाल्यांचे हात बघा कधी, दहा बोटं मोजून भरतील असं नाही.

आता माणूस झोपेत असेल, रात्री घेतलेली उतरली नसेल, डबल मारून आला असेल, तर त्याला प्रेसवर बसवणं म्हणजे काय ते समजा. आमच्याकडे एक सुपरवायझर होते (तुमचे आण्णा नव्हेत, आमचे जळगावकडचे होते). ते शिफ्टच्या सुरुवातीला कॅन्टीनच्या पोऱ्याकडून ट्रे काढून घ्यायचे आणि प्रत्येकाला स्वतःच्या हाताने चहाचा ग्लास द्यायचे. काठोकाठ भरलेला. इतका की नीट धरला नाही तर सांडणारच. आम्हाला वाटायचं काय मोठ्या मनाचा माणूस, चहा भरभरून देतो. ज्याच्या हातून सांडला त्याला काही बोलायचे नाहीत. ट्रे ठेवून झाला की म्हणायचे, तू आज पॅकिंगला बस, तू बर (नगाच्या कडेची खरखर) काढायला बस. बास. फळ्यावर नावापुढे खडूने त्रिकोण. म्हणजे विजेच्या डीपीवर असतो ना धोक्याचा, कवटीवाला, तो. मला दोन वर्षांनी कळलं की चहाची भानगड काय आहे.

तुमच्या आण्णांचा त्रिकोण तोच असावा असं मला वाटतं. ही गोष्ट एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत जायची, माणसं बदलायची तसे डावपेच पण जायचे.

टूलरूमकाका
थ्री_फेज, टाळ्या. आता आठवलं. आमच्याकडे चहाच्या ऐवजी एकजण सही करायला लावायचा, रेघेच्या आत. पेन्सिलीने काढायचं कारणही सांगतो. बॉलपेनने लिहिलं तर ती नोंद झाली. उद्या चौकशी लागली, डायरी मागितली, तर "याला नशेत कामावर घेतलं" याचा लेखी पुरावा. पेन्सिल खोडता येते.

भद्रकालीवाला
थांबा. म्हणजे माणूस पिऊन आलाय हे माहीत असून आत घेतला, वर तो लपवला. गेटवरूनच घरी पाठवायला पाहिजे होता. हे कसलं चांगलं काम? आणि डबल मारायला लावलं कोणी? ती पण सुपरवायझरनेच.

थ्री_फेज
घरी पाठवला तर हजेरी गेली. रिपोर्ट केला तर मेमो, तीन मेमो म्हणजे चौकशी, मग नोकरी. पॅकिंगला बसवला तर हजेरी राहते, फक्त इन्सेन्टिव्ह जातो. डबलचं म्हणाल तर ती वरून यायची, ट्रक उभा असायचा दारात. मी बरोबर की चूक म्हणत नाही. माझी बोटं दहा आहेत एवढंच सांगतो, आणि मला बऱ्याच वेळा पॅकिंगला बसवलंय.

भद्रकालीवाला
हम्म.

नाईट_शिफ्ट
"हम्म" हा या आयडीचा इथला सगळ्यात छोटा प्रतिसाद असेल.

सिडकोची_लेक
दोन दिवस लिहिलं नाही. थ्री_फेज दादा, तुमचा प्रतिसाद मी पहिल्यांदा शाळेत मधल्या सुट्टीत वाचला आणि पुढच्या तासाला पोरांना उगाचच शुद्धलेखन घातलं.

मला एक आठवलं ते सांगते. माझा भाऊ, दादा, कॉलेजला होता तेव्हा स्कूटर मागायचा. आण्णा किल्ली लगेच द्यायचे नाहीत. म्हणायचे, "आधी पाणी आण." मग दादा स्वयंपाकघरातून पेला भरून आणायचा, तर आण्णा म्हणायचे, "पूर्ण भर." तो काठोकाठ भरून, पावलं मोजत, ओट्यापासून पुढच्या खोलीत त्यांच्या खुर्चीपर्यंत. ते पेला घ्यायचे, एक घोट प्यायचे, बाजूला ठेवायचे आणि किल्ली द्यायचे. कधी कधी नाही द्यायचे. "आज सायकल ने." आम्हाला वाटायचं लहर आहे. दादा तर म्हणायचा हा बापाचा माज आहे, किल्लीसाठी पाणी भरायला लावतात. एकदा रात्रभर अभ्यास करून (असं तो म्हणतो) पेपरला निघाला होता, उंबऱ्यावर थोडं सांडलं, तर पेपर असून स्कूटर दिली नाही. रिक्षाचे पैसे दिले पण किल्ली नाही. दादा त्यांच्याशी आठ दिवस बोलला नव्हता. आण्णा तसेही बोलायचे नाहीत त्यामुळे त्यांना ते कळलं की नाही कोण जाणे.

काल दादाला फोन करून थ्री_फेज दादांचा प्रतिसाद वाचून दाखवला. तो आधी काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे मला पॅकिंगला बसवलं होतं."

माहेर_सातपूर
अगं बाई. हे वाचून डोळे भरले आणि हसू पण आलं.

गोदाकाठ
ताई, हेच बोला की दहा मिनिटं. अजून काय पाहिजे.

सिडकोची_लेक
अजून एक आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कंपनीत मशीनची पूजा असायची आणि घरच्यांना आत सोडायचे, वर्षातून तेवढं एकदाच. मी सातवीत असेन. सगळ्या प्रेस बंद, धुऊन पुसून, झेंडूच्या माळा, चाकांना हळदकुंकू, नारळाचं पाणी फरशीवर. इतक्या मोठ्या शेडमध्ये इतकी शांतता की पेढ्याच्या खोक्याचा कागद वाजलेला ऐकू येत होता. मी एका प्रेसच्या जवळ गेले आणि त्या डायवर ठेवलेलं फूल नीट करायला हात पुढे केला. आण्णांनी मागून माझं मनगट धरलं. इतक्या जोरात की बांगडी वाकली. मशीन बंद होतं, मेन स्विच खाली होता, सगळ्यांना माहीत होतं. मी रडायला लागले. एक कामगार काका म्हणाले, "साहेब, बंद आहे." आण्णा म्हणाले, "हाताला काय माहीत."

मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नव्हता. मला वाटलं मी पूजेत विटाळ केला.

आणि डायरीत स्वतःच्या आडनावापुढेही त्रिकोण आहे, एकदाच. तारीख आईच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसाची. रात्रभर हॉस्पिटलच्या बाकावर बसून सकाळी फर्स्टला गेले होते. सुपरवायझर प्रेस चालवत नाही, टूलरूमकाका? मग कशाला काढला असेल?

टूलरूमकाका
डाय सेटिंगला हात घालावा लागतो बाळ. डाय सेटर कमी असला की सुपरवायझरच बसतो. त्या दिवशी दुसऱ्या कोणालातरी बसवलं असेल. डायरीत बघ, डा.से. पुढे कोणाचं नाव आहे.

सिडकोची_लेक
बघितलं. डा.से. पुढे दुसरं नाव आहे. आणि रि. ६२.

टूलरूमकाका
बासष्ट! साहेबाने सोललं असेल त्यांना.

शेव_जास्त
काका, डायरीत त्याची काही खूण नसते का, साहेबाने सोलल्याची?

टूलरूमकाका
ती रोजचीच. खूण कशाला लागते.

दुतोंड्या
ताई, वर्षश्राद्ध झालं की इथे येऊन सांगा काय बोललात. धागा उघडा ठेवतोय. आणि डायऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, पावसाळ्यात घाम धरतात. सुती फडक्यात बांधा, वर दोन कडुनिंबाची पानं.

सिडकोची_लेक
झालं वर्षश्राद्ध परवा. दहा मिनिटं बोलायचं होतं, चारच मिनिटं बोलले, पेल्यापर्यंत आले आणि पुढे बोलता येईना, मग दादा उठला आणि त्याने सांगितलं. कंपनीतले तीन जण आले होते, तिघेही सत्तरीच्या पुढचे. त्रिकोणाचं ऐकून एकजण दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "याच्या नावाच्या डायऱ्या भरल्या असतील." ते दुसरे काका म्हणाले, त्रिकोण माहीत नव्हता पण चहा आठवतो, आणि आण्णांना ते मनात फार शिव्या द्यायचे, समोर द्यायची हिंमत नव्हती. मग पंगतीला बसल्यावर मी ताक वाढत होते तर त्यांनी हात आडवा केला. "अर्धाच पेला दे पोरी. आता हात राहत नाही."

थ्री_फेज
🙏

माहेर_सातपूर
ताई खूप छान केलंत. जिलबी होती का? (मिसळवाल्यांनी गप्प बसावं.)

भद्रकालीवाला
मी धागा मधेच सोडला होता, आज सगळा वाचला. वडील ८१ वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं. मोठ्याने वाचून दाखवला, थ्री_फेजचा प्रतिसाद दोनदा. बराच वेळ गप्प होते. मी विचारलं, दादा तुमचा तो सुपरवायझर पण चहा द्यायचा का हो सकाळी?

म्हणाले, "द्यायचा ना. पण आमच्याकडे कप अर्धाच भरायचे."

मी म्हटलं मग सुटलात.

म्हणाले, "कसला सुटलो. तरी सांडायचा."